सह्याद्रीवरून गेलेले टपाल

इतिहासाच्या तासाला आपण सनावळ्या घोकल्या. त्यांत एक तारीख राहून गेली: १५ ऑक्टोबर १९३२. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला उतरले. विमान होते पस मॉथ, छोटे, एकाच इंजिनाचे. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

खरी परीक्षा पावसाळ्यात होती. नैऋत्येचा वारा सह्याद्रीला धडकून वर उसळतो, घाटमाथा ढगांत बुडतो आणि डोंगरापलीकडे तोच वारा खाली कोसळतो. त्यात हलके विमान पाचोळ्यासारखे भिरभिरते. विमानात रेडिओ नव्हता. शिवाय त्याच काळात परदेशांत याच जातीच्या काही विमानांचे पंख खवळलेल्या हवेत तुटले होते.

तरीही घाटातल्या वादळी पावसात मुंबईच्या वा मद्रासच्या टपालाची कराचीतली गाठ एकदाही चुकली नाही, अशी नोंद १९३३-३४ च्या सरकारी अहवालात आहे.

हे नुसत्या धाडसाने साधले नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग विमाने, वैमानिक, मेकॅनिक असे सारे बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवले जाई. पावसाशी हट्ट न करता वेळ पाळायची, ही त्यांची रीत होती.

मित्रांनो, यंदा भर पावसात खंडाळ्याचा घाट चढाल, तेव्हा एकदा त्या ढगांकडे बघा.