समुद्रावरील परवाना : कार्ताझपासून ओळखपत्रापर्यंत

मुंबई बंदरांतून गोव्यास जाणाऱ्या प्रवासी जहाजावर आज पाय ठेवावयाचा, तर पासपोर्टाची गरज पडत नाहीं. प्रवास एका भारतीय बंदरांतून दुसऱ्या भारतीय बंदराकडे होत असल्यामुळें आधारपत्र, मतदाराचें ओळखपत्र किंवा मोटार चालविण्याचा परवाना, असा छायाचित्र असलेला एक सरकारी कागद दाखविला म्हणजे पुरतें. लक्षद्वीपास उतरावयाचें असेल, तर मात्र तेथील निराळा परवाना लागतो. हा नियम अंगवळणी पडल्यामुळें त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु समुद्रांत जावयाचें तर कोणाचा कागद जवळ असावा, या एका प्रश्नावरून याच किनाऱ्यावर दोन शतकांहून अधिक काळ तंटे झाले, लढाया झाल्या. आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड हीं उपनगरें ज्या साष्टी बेटावर वसलीं आहेत, तें बेटहि त्या कलहापासून अलिप्त राहिलें नाहीं.

वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास आला. त्यापूर्वीं या समुद्रांतील सामान्य रिवाज साधा होता. गलबत ज्या बंदरांत शिरेल त्या बंदराच्या धन्यास त्यानें जकात द्यावी. भर समुद्रांत वाट अडवून कागद मागण्याचा हक्क सहसा कोणी सांगत नसे. पोर्तुगीजांनीं तो हक्क सांगितला. सोळाव्या शतकाच्या आरंभींच त्यांनीं असा नियम घातला कीं, आपला परवाना घेतल्यावांचून कोणत्याहि देशी व्यापाऱ्याचें गलबत समुद्रावर फिरूं नये. या परवान्यास ते कार्ताझ म्हणत. त्यांत गलबताचें नांव, नाखव्याचें नांव, गलबताचा आकार, त्यावरील शस्त्रें आणि जावयाचें बंदर यांची नोंद असे. मिरीसारखा जो माल पोर्तुगीजांनीं आपल्यासाठीं राखून ठेविला होता, तो भरण्याची मनाई असे. कार्ताझाची फी थोडी असे; खरी मेख पुढेंच होती. परवाना घेणाऱ्यानें पोर्तुगीजांच्या बंदरास लागून तेथें जकात भरली पाहिजे, अशी अट असे. कार्ताझ नसलेलें गलबत मालासकट जप्त होई.

साष्टीचा इतिहास या कागदाशीं प्रत्यक्ष जोडलेला आहे. गुजराथच्या बहादुरशहानें १५३४ सालच्या डिसेंबरांत पोर्तुगीजांशीं तह करून वसई त्यांच्या स्वाधीन केली आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबईहि गेली. त्या तहांत एक कलम असें होतें कीं, गुजराथेंतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनीं प्रथम वसईस येऊन परवाना घ्यावा आणि परत येतांना पुन्हां तेथेंच येऊन जकात द्यावी. म्हणजे भूमि तर गेलीच, पण भूमीपुढील पाण्यावर ये-जा करण्याची मोकळीकहि तिच्याबरोबर गेली.

या नियमांतून दिल्लीपतीहि सुटले नाहींत. अकबराच्या काळीं हाजची यात्रा सुरतेहून समुद्रमार्गें होत असे आणि त्यासाठीं बादशाही जहाजांसहि कार्ताझ घ्यावें लागे. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ च्या सुमारास यात्रेस निघाली, तेव्हां परवान्याच्या घोळामुळें तिला सुरतेस खोळंबून राहावें लागलें. त्या परवान्यावर मेरी व येशू यांचीं चित्रें असत; तेव्हां असा कागद जवळ बाळगून यात्रेस जाणें धर्मास मान्य आहे काय, असा वाद दरबारांतील मौलवींनीं उपस्थित केल्याचें बदायुनीनें लिहून ठेविलें आहे.

पण कागद घेतला म्हणजे अभय मिळालेंच, असें नव्हतें. जहांगीर बादशहाच्या मातेच्या मालकीचें रहीमी नांवाचें मोठें जहाज होतें. सुरतेस इंग्रजांना मोगलांकडून मिळणारा आश्रय पोर्तुगीजांस सहन झाला नाहीं, आणि १६१३ सालीं त्यांनीं तें जहाज कार्ताझ असतांनाहि पकडलें. जहांगीरानें संतापून दमणवर फौज धाडली. ज्यानें परवाना दिला त्यानेंच तो मोडला, तर त्या परवान्याची किंमत काय, हा प्रश्न या घटनेनें उघडा पाडला.

पुढें मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे गेलें व १६६८ सालीं कंपनीच्या हातीं आलें. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. मुंबईहून कल्याणाकडे जाणाऱ्या होड्यांची वाट आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या पूर्वेस असलेल्या ठाण्याच्या खाडींतून होती. ठाणें व करंजा येथें पोर्तुगीज या होड्यांकडून जकात मागत आणि इंग्रज त्याविषयीं सतत तक्रारी करीत. तेच इंग्रज हिंदी व्यापाऱ्यांच्या गलबतांस स्वतःचे परवाने देऊं लागले होते, हें येथें ध्यानांत ठेवावें.

मराठ्यांच्या राज्यांतहि ही कल्पना आली. पण ती येतांना तिच्यावर एक जबाबदारी घालण्यांत आली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें जें प्रकरण आहे, त्यांत कौल घेतलेल्या सावकारांच्या गलबतांस यत्किंचितहि उपद्रव लागूं देऊं नये, असें आरमाराच्या अधिकाऱ्यांस बजाविलें आहे. कौल देणें म्हणजे नुसता पैसा घेणें नव्हे, तर संरक्षणाची हमी घेणें, हा त्यांतील अर्थ आहे.

सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं आपल्या पाण्यांतून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनीं आपलें दस्तक घ्यावें, असा आग्रह धरला. १७१३ सालीं इंग्रजांनीं त्यांच्याशीं करार केला कीं, इंग्रजांच्या जहाजांस आंग्र्यांनीं उपद्रव देऊं नये. यावर वाद निघाला तो असा : इंग्रजांचें जहाज कोणतें म्हणावें? मुंबईच्या हिंदी सावकाराचें गलबत इंग्रजी निशाण लावून निघालें, तर तें इंग्रजांचें झालें काय? कान्होजींचें उत्तर नकारार्थी होतें. आणि अशीं गलबतें ते पकडीत. गव्हर्नर बून यानें १७१७ सालीं विजयदुर्गावर आणि १७१८ सालीं खांदेरीवर आरमार धाडलें. १७२१ सालीं पोर्तुगीजांस मिळवून घेऊन कुलाब्यावर स्वारी केली. तिन्ही प्रसंगीं अपयश आलें. इंग्रजांनीं कान्होजींस चांचा म्हटलें. परंतु जो हक्क पोर्तुगीज व इंग्रज स्वतः बजावीत होते, त्याहून निराळें असें ते कांहींच करीत नव्हते.

साष्टींत मराठे १७३७ सालीं शिरले. १७३९ सालीं वेसाव्याच्या खाडीच्या मुखाशीं असलेला मढचा किल्ला आणि पाठोपाठ वसई त्यांच्या हातीं आली, आणि साष्टी-वसईवरील पोर्तुगीज अंमल संपला. १७५६ सालीं विजयदुर्गास आंग्र्यांचें आरमार जळालें. पेशव्यांनीं त्या मोहिमेंत इंग्रजांस साह्य केलें, ही गोष्ट मराठी मनास अद्याप सलते. त्यानंतर या समुद्रावर इंग्रजांच्या कागदाचा मान वाढत गेला.

आतांपर्यंत कागद गलबतापाशीं मागितला जाई. आंत बसलेल्या माणसाचें नांव-गांव सहसा कोणी विचारीत नसे. विसाव्या शतकांत हें बदललें. पहिल्या महायुद्धानंतर १९२० सालीं हिंदुस्थानांत पासपोर्टाचा कायदा झाला आणि परमुलखाच्या वाटेवर कागद माणसाच्या खिशांत आला. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं एका मासेमारी बोटीचा उपयोग करून मारेकरी मुंबईस पोंचले. त्यानंतर किनाऱ्यावरील मच्छीमारांस बोटांच्या ठशांचीं ओळखपत्रें देण्याची योजना निघाली. वेसावे, मढ व गोराई येथील ज्या कोळ्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या याच पाण्यावर जगले, त्यांसहि आपल्या दारच्या समुद्रांत जातांना आपण कोण हें कागदानें सिद्ध करावें लागतें.

२०१८ सालीं मुंबई-गोवा मार्गावर जें प्रवासी जहाज सुरू झालें, त्यास आंग्र्यांची आठवण देणारें ‘आंग्रिया’ हें नांव होतें. तें जहाज पुढें बंद पडलें. परंतु आंग्र्यांच्या नांवाच्या जहाजावर चढतांना प्रवाशास आपल्याच सरकारचा कागद दाखवावा लागे, ही स्वातंत्र्याची एक खूण म्हटली पाहिजे. ज्या समुद्रावर परक्याचें कार्ताझ घ्यावें लागत होतें, तेथें आज परक्याचा कागद नको.

तथापि रहीमीचा धडा व आज्ञापत्राची शिकवण अद्याप जुनी झालेली नाहीं. सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या कैदेंत पडणाऱ्या मच्छीमारांत पालघर जिल्ह्यांतील खलाशीहि असतात, आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्यावांचून त्यांची सुटका होत नाहीं. अशा वेळीं त्या ओळखपत्राची खरी परीक्षा होते. नागरिकाकडून कागद मागण्याचा अधिकार राज्यास आहे. पण तो कागद देतांना राज्यहि कांहीं वचन देत असतें. तें वचन पाळलें गेलें तर त्यास कौल म्हणावें. नाहीं तर तें कार्ताझच होय.