आशियाई कनिष्ठ बॅडमिंटन : एकेरीचे सुवर्ण आणि संघाची कसोटी

बॅडमिंटनच्या इतिहासात पुण्याचे स्थान मानाचे आहे. तेथील छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये हा खेळ रुजला आणि १८७३ च्या सुमारास त्याचे आरंभीचे नियमही तेथेच लिहिले गेले, असे मानले जाते. पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे विजेतेपद मिळवून परदेशात भारताचे नाव उज्ज्वल केले. असा वारसा लाभलेल्या देशाची नवी पिढी कोठवर आली, हे पाहायचे तर आशियाई कनिष्ठ अजिंक्यपद स्पर्धेकडे वळावे लागते.

१९६५ साली गौतम ठक्कर यांनी आशियाई पातळीवर कनिष्ठ गटातील एकेरीचे विजेतेपद पटकावले. त्याच वर्षी लखनौ येथे दिनेश खन्ना ज्येष्ठ गटात आशियाई विजेते ठरले. कनिष्ठांची स्वतंत्र स्पर्धा मात्र १९९७ मध्ये मनिला येथे सुरू झाली. एकोणीस वर्षांखालील मुलामुलींच्या या स्पर्धेत सांघिक आणि वैयक्तिक असे दोन विभाग असतात. चीन, जपान, कोरिया, इंडोनेशिया, थायलंड आणि मलेशिया हे बलाढ्य देश येथे एकमेकांसमोर उभे ठाकत असल्याने हे पदक सहजासहजी हाती लागत नाही.

ठक्करांनंतरच्या सुवर्णासाठी भारताला तब्बल ४७ वर्षे वाट पाहावी लागली. २०१२ मध्ये कोरियातील गिमचॉन येथे नुकतीच सतरा वर्षांची झालेली पी. व्ही. सिंधू पहिला गेम गमावूनही जपानच्या नोझोमी ओकुहाराविरुद्ध १८-२१, २१-१७, २२-२० अशी विजयी झाली. याच दोघी २०१७ मध्ये ग्लासगो येथे जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ११० मिनिटे झुंजल्या. त्या वेळी ओकुहारा जिंकली. दोन वर्षांनी बासेल येथे सिंधूने २१-७, २१-७ असा निर्विवाद विजय मिळवला आणि ती भारताची पहिली जगज्जेती ठरली.

२०१८ साली जकार्ता येथे अल्मोड्याच्या लक्ष्य सेनने अग्रमानांकित कुनलावुत वितिदसर्नला २१-१९, २१-१८ असे नमवले. पराभूत कुनलावुतही पुढे २०२३ मध्ये जगज्जेता झाला. कनिष्ठ स्पर्धेतील हार म्हणजे वाटचालीचा शेवट नव्हे, हे पालकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे.

सांघिक विभागाची कसोटी मात्र निराळी आहे. मिश्र सांघिक लढतीच्या रूढ पद्धतीत मुलांची एकेरी, मुलींची एकेरी, दोन्ही गटांची दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे पाच सामने होतात. तीन जिंकणारा संघ पुढे जातो. म्हणजे एकेरीतले दोन्ही सामने जिंकले, तरी दुहेरीची एखादी जोडी तयार असावीच लागते. या विभागात चीनचे वर्चस्व राहिले, ते तेथील खेळाडूंच्या भक्कम फळीमुळे. भारताने २०११ मध्ये लखनौ येथे कांस्यपदक मिळवले. सिंधू त्याही संघात होती.

ही फळी आपल्याकडे घडू लागल्याची साक्ष ज्येष्ठ गटात मिळाली. २०२२ मध्ये भारताने थॉमस चषक जिंकला, तेव्हा अंतिम लढतीत लक्ष्यच्या एकेरीतील विजयाला सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी दुहेरीत साथ दिली. २०२४ मध्ये मलेशियातील शाह आलम येथे आशियाई सांघिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारतीय महिलांची थायलंडशी २-२ अशी बरोबरी झाली होती. पहिला सामना सिंधूने जिंकला होता. पाचवा, निर्णायक सामना सतरा वर्षांच्या अनमोल खरबने जिंकून दिला. गिमचॉनची विजेती आणि त्याच वयाची नवी मुलगी एका संघात होत्या.

शाळेच्या हीरक महोत्सवात गुणवंतांच्या नामफलकापुढे आपण अभिमानाने उभे राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु साठ वर्षांत शाळेने काय घडवले, याचे उत्तर त्या फलकाइतकेच, किंबहुना अधिक, सबंध वर्गाच्या तयारीत असते. पाचव्या सामन्याला कोणाला उतरावे लागेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते.