अमृतरावांचा घाट

काशीत मराठी माणसांनी बांधलेले घाट बरेच आहेत. भोसल्यांचा आहे, शिंद्यांचा आहे, अहिल्याबाईंचा आहे. राजा घाटाच्या नावात मात्र बांधणाऱ्याचा पत्ता लागत नाही. पूर्वी लोक याला 'अमृतराव घाट' म्हणत. बाजीरावाच्या काळात इथे पहिले बांधकाम झाले असे सांगतात. आज दिसतो तो भक्कम दगडी घाट आणि वरचा वाडा ही अमृतराव पेशव्यांची करणी. लागूनच नारद घाट आहे. त्या घाटावर नवरा-बायकोने जोडीने स्नान केले की भांडण ठरलेले, अशी समजूत आहे. भाऊबंदकीने ज्याला पुणे सोडावे लागले, त्याच्या वाड्याला शेजार तरी साजेसा मिळाला.

आमच्या आजोळचे मूळ पुरुष अमृतरावांबरोबर काशीला आले, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ते त्यांच्या पदरी कारकून होते म्हणे. आजी हे अभिमानाने सांगे. मामा मात्र चिडवायचा, "म्हणजे इंग्रजांच्या पेन्शनरांचे कारकून!" आजी गप्प होई. ती गप्प का होते, हे कळायला मला अमृतराव वाचावे लागले.

अमृतराव रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, मूळचे भुस्कुटे घराण्यातले. पुढे रघुनाथरावांना औरस मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव. गादी त्याला मिळाली. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि बाजीराव पळाले. होळकरांनी पुण्यात अमृतरावांना पुढे करून कारभार मांडला. त्यांचा मुलगा विनायकराव याला पेशवा करण्याचा बेत होता. तिकडे बाजीरावांनी 31 डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांची फौज दारात आणून उभी केली. एप्रिल 1803 मध्ये अमृतराव पुणे जाळणार अशी बातमी आली म्हणून आर्थर वेलस्ली घोडदळ घेऊन रातोरात दौडत आला. पुणे जळले नव्हते, अमृतराव निघून गेले होते. मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसले. त्याच वर्षी अमृतरावांनीही इंग्रजांशी करार केला, लाखो रुपयांची वार्षिक नेमणूक घेतली आणि उत्तरेची वाट धरली.

मामाच्या टोमण्यात तथ्य होते ते इथे. पण ज्या बाजीरावांसाठी इंग्रज आले, त्यांचे तरी पुढे काय झाले? 1818 साली त्यांनीही आठ लाखांची नेमणूक स्वीकारली आणि ते ब्रह्मावर्ताला गेले. त्यांचे सख्खे भाऊ चिमाजी अप्पाही काशीलाच राहिले. मोरोपंत तांबे त्यांच्या पदरी होते, म्हणूनच झाशीच्या राणीचा जन्म काशीतला. तीन भावांना शेवटी गंगेचाच काठ मिळाला. फरक एवढाच, की अमृतराव पंधरा वर्षे आधी पोचले.

इथे आल्यावर त्यांनी काय केले, याची एक साक्ष अनपेक्षित ठिकाणी सापडते. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर 1824 च्या सप्टेंबरात काशीत होता. त्याने रोजनिशीत अमृतरावांच्या दानधर्माविषयी लिहिले आहे. वर्षातून एका सणाला, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, येईल त्या ब्राह्मणाला आणि आंधळ्या-पांगळ्याला एक शेर तांदूळ आणि एक रुपया. दान शहराबाहेरच्या बागेत होई. ज्याला मिळाले त्याला संध्याकाळपर्यंत आतच थांबवत, दुसऱ्यांदा रांगेत येऊ नये म्हणून. आत सावली होती, पाणी होते, देव होते. हेबर काशीत असतानाच अमृतराव वारले. दान करतानाही हिशेब न सोडणारा हा कारभार वाचताना मला आमच्या कारकुनाची पहिल्यांदा ओळख पटल्यासारखे वाटले. दाराशी माणसे मोजायला कुणीतरी बसलेच असेल ना!

घराण्याचे पुढे धड झाले नाही. विनायकराव चित्रकूटजवळ कर्वीला राहिले. तिथली गणेशबाग त्यांच्या काळातली. 1853 मध्ये ते गेले. 1858 साली जनरल व्हिटलॉकच्या फौजेने कर्वीचा वाडा आणि खजिना ताब्यात घेतला. दत्तकांपैकी नारायणराव कैदेत गेले, माधवराव तर अजून पोरच होते. लुटीतला वाटा कोणत्या पलटणीला किती, यावर विलायतेत पुढे कित्येक वर्षे खटला चालला. करार करूनही घर वाचले नाही ते असे.

घाट मात्र वाचला. पायऱ्या चढून वर गेले की भिंतीची उंची कळते. पुराचे पाणी किती चढेल याचा अंदाज बांधूनच ती उभारलेली आहे. तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या पूर्वजांची मोडीतली नोंद मिळाली: नाव, बापाचे नाव, रत्नागिरीकडचे गाव आणि 'मुक्काम राजा घाट'. पेशव्यांचा उल्लेख नाही, हुद्दा नाही. त्याखाली बायकोचे आणि दोन मुलांचे नाव आहे. धाकट्यापुढे 'काशीत जन्म' असे लिहिले आहे.

मामाला ही नोंद मी वाचून दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे कारकून होता की नव्हता?" वहीवरून ते ठरत नाही. कोकणातला एक माणूस बायकोला घेऊन इथवर आला आणि इथल्या पायऱ्यांवर त्याचे मूल वाढले, एवढे ठरते. राज्य कुणी कुणाला विकले याचा जाब त्याच्याकडे मागता येत नाही. तो अमृतरावांकडे मागावा, बाजीरावांकडेही मागावा, आणि मागताना तो तांदूळ-रुपयाचा हिशेबही समोर ठेवावा. आजी असती तर मी तिला इतकेच सांगितले असते, की गप्प बसायचे कारण नव्हते.