कंदांचा हिवाळा

वर्धा शहरास अगदीं लागून असलेल्या बोरगांव मेघे येथें एका कार्तिकांत आम्हीं ट्यूलिपचे सहा कंद कुंडींत लावले. एका स्नेह्यानें ते हॉलंडांतून आणले होते. सोबतच्या कागदावर छापलें होतें कीं थंडीच्या रात्रीं कंदांवर गवताचें पांघरूण घालावें. तेंही इमानेंइतबारें केलें. पौषांत बोटभर पानें वर आलीं, फाल्गुनांत तीं पिवळीं पडलीं, आणि पाकळीचा रंगही न दाखवितां कंद कुजून गेले. शेजारचे एक वृद्ध शेतकरी हा सोहळा रोज पाहात असत. ते म्हणाले, “भाऊ, तुम्ही याले थंडीपासून जपून राह्यले, पण याले थंडीच पाहिजे असन.”

वनस्पतिशास्त्रांतलें एक अवघें प्रकरण या वाक्यांत मावलें होतें. ट्यूलिपचें माहेर म्हणजे मध्य आशियांतले डोंगर. तेथें उन्हाळा कोरडा आणि हिवाळा बर्फाचा. पानें वाळल्यावर उन्हाळ्यांत कंदाच्या पोटांत पुढच्या वर्षाची कळी तयार होते. पण तिचा दांडा वाढून वर यावयास बारा ते सोळा आठवडे नऊ अंशांखालची थंडी लागते. हॉलंडांतील वागेनिंगेनच्या प्रयोगशाळेंत ब्लाऊ या शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या काळांत कंदांवरील उष्णतामानाच्या परिणामाचा कसून अभ्यास केला, आणि थंडी मोजून देण्याचें शास्त्र उभें राहिलें. तिकडे गवत पसरतात तें कंद गोठून फुटूं नये म्हणून. त्याला ऊब मिळावी म्हणून नव्हे. आमच्याकडे पौषांतल्या पहांटे पारा बारा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारीं पुन्हां अठ्ठाविसांवर चढतो. तेव्हां आम्हीं घातलेलें पांघरूण म्हणजे तापानें फणफणलेल्या माणसास घोंगडी घालण्यापैकींच होतें.

ही अडचण बाबराच्याही वांट्यास आली असावी. काबूलच्या भोंवतालच्या डोंगरांवर त्यानें लाल्याचे, म्हणजे ट्यूलिपचे, प्रकार मोजविले. ते बत्तीस की तेहेतीस भरले, असें तो आपल्या आत्मवृत्तांत सांगतो. एका जातीस गुलाबाचा वास येई, हेंही लिहावयास तो विसरला नाहीं. पुढें १५२६ मध्यें पानिपत जिंकून तो आग्र्यास आला. येथील उष्मा आणि धूळ यांनीं हैराण होऊन त्यानें यमुनेकांठीं बागा घातल्या. पण त्या बागांतील वाफ्यांविषयीं लिहितांना तो नांवें घेतो तीं गुलाबाचीं आणि नर्गिसाचीं. नर्गिस हाही कंदच, परंतु त्याच्या कांहीं जातींना कडक थंडी लागत नाहीं. जहांगिराला फुलांची भूक भागविण्यास काश्मीर गांठावें लागलें. तेथें उस्ताद मन्सूरनें शंभराहून अधिक फुलें चितारलीं, अशी नोंद तो करून ठेवतो.

पश्चिमेकडे हा कंद तुर्कस्तानमार्गें गेला. १५९३ मध्यें क्लुसियस हा वृद्ध पंडित लायडनच्या विद्यापीठांत आला व तेथील बागेंत त्यानें ट्यूलिप लावले. त्याचे कंद चोरीस जात, अशी त्याची तक्रार होती. त्यापुढची कथा बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असते. पण तिच्यांतलें मर्म सहसा सांगितलें जात नाहीं, आणि तें मर्म हिवाळ्याचें आहे. ट्यूलिपचे कंद जूनच्या सुमारास उकरतात आणि शरदांत पुन्हां लावतात. म्हणजे माल प्रत्यक्ष हातोहात जावयाचा तो त्या मधल्या थोडक्या महिन्यांत. एरवीं माल जमिनीखालीं! पण गिऱ्हाईक थांबावयास तयार नव्हतें. मग कंद मातींत असतांनाच कागदावर सौदे होऊं लागले: लावतेवेळचें वजन अमुक, भाव अमुक, ताबा उन्हाळ्यांत. डच लोक त्यास वाऱ्याचा व्यापार म्हणत. वर्धा-हिंगणघाटच्या वाचकास हें अधिक फोड करून सांगावयास नको. कापसाचा वायदा, आणि बोंड फुटण्याआधींच हात बदलणाऱ्या गांठी, यांची गोष्ट येथें घरोघर ठाऊक आहे.

१६३७ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं हार्लेम येथें खरेदीदार एकाएकीं मागें सरले. चमत्कार असा कीं, त्याच दिवसांत, ५ फेब्रुवारीस, अल्कमार गांवीं एका मृत व्यापाऱ्याच्या अनाथ मुलांकरितां कंदांचा लिलाव झाला आणि त्यांत सुमारें नव्वद हजार गिल्डरांची बोली झाली. कंद तेव्हां मातींतच होते. १६३८ मध्यें हार्लेमच्या नगरसभेनें भावाच्या शेंकडा साडेतीन देऊन सौदा मोडण्यास मुभा दिली. या प्रकरणानें सारा देश भिकेस लागला, असें पुढें लिहिलें गेलें. अॅन गोल्डगर यांनीं २००७ च्या आपल्या ग्रंथांत दप्तरें चाळून दाखविलें आहे कीं खरीखुरी दिवाळीं फारच थोडीं निघालीं; मोडला तो एकमेकांच्या शब्दावरचा विश्वास. मला तर हेंच नुकसान मोठें वाटतें.

त्याच हॉलंडांत कंदानें पुढें दुसरेंही एक रूप दाखविलें. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मनांच्या ताब्यांतील पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तुटला. सुमारें वीस हजार माणसें भुकेनें गेलीं. युद्धामुळें लावणीवांचून कोठारांत पडून राहिलेले ट्यूलिपचे कंद तेव्हां लोकांनीं, मधला विषारी गाभा काढून, शिजवून खाल्ले. ज्यांचे एके काळीं पैशांनीं मोल करवेना, ते कंद रस्सा दाट करण्यास लागले. मध्य प्रांतांतही १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रानांतल्या कंदमुळांवर लोकांनीं दिवस काढले आहेत. त्यांची मात्र चित्रें कोणी काढलीं नाहींत.

असो. वसंतांत फुलणारे कंद आपल्याकडे नाहींत असें नाहीं. माळरानावरचा कोळकांदा उन्हाळ्याच्या तोंडीं, एकही पान नसतां, दांडा वर काढून फुलतो. पानें येतात तीं पाऊस पडल्यावर. भुईचाफ्याचीही तीच रीत. या कंदांना जपावें लागतें तें हिमापासून नव्हे. मे महिन्यांत पारा पंचेचाळिसावर जातो त्या उन्हापासून, आणि मागून येणाऱ्या ओलीपासून. जपण्याची ही विद्या आमच्या जिल्ह्यांतल्या हळदकऱ्यांना पक्की अवगत आहे. समुद्रपूर तालुक्यांतल्या वायगांवची हळद २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळवून बसली. पण तिचें बेणें राखण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी. काढणीनंतर जेठे गड्डे निवडावयाचे, सावलींत त्यांचा ढीग घालावयाचा, त्यावर हळदीचाच पाला झांकावयाचा, आणि मृगाची वाट पाहावयाची. हॉलंडांतला माळी हिवाळाभर करतो तेंच हा शेतकरी उन्हाळाभर करतो. पाला तोच, वैरी मात्र निराळा.

आमची कुंडी रिकामी झाली त्या आठवड्यांत त्या वृद्ध गृहस्थांनीं मला आपल्या वावराच्या कडेला नेलें. बियांसाठीं राखून कार्तिकांतच लावलेल्या कांद्यांचा एक वाफा तेथें होता. कमरेइतक्या पोकळ दांड्यांवर पांढरे गोंडे आले होते, आणि त्यांवर मधमाशा इतक्या होत्या कीं बोलणें ऐकूं येईना.