मोटारीतला मुका रेडिओ

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या, तेव्हा मोटारीतले रेडिओ व्हॉल्व्हचे असत. व्हॉल्व्हना बॅटरीचा दाब अपुरा. म्हणून व्हायब्रेटर नावाची थरथरती पट्टी प्रवाह तोडत-जोडत राही आणि ट्रान्सफॉर्मर तो दाब वाढवी. रेडिओ मुका झाला की आधी कान लावावा लागे. गुणगुण ऐकू आली, तर दोष पुढे: व्हॉल्व्ह, स्पीकर किंवा एरिअल. गुणगुणही नसेल, तर फ्यूज, तार किंवा व्हायब्रेटरचे जळके संपर्कबिंदू. ट्रान्झिस्टर आले आणि ही नाडीच हरपली. परवान्याचे मात्र कौतुक वाटावे: १९३३ च्या कायद्यानुसार तो रेडिओ ऐकण्यासाठी नव्हे, बाळगण्यासाठी लागे. मुक्या रेडिओलाही सूट नव्हती!