कुलनाम लावणारा वायू

निऑन म्हणजे नवा, क्रिप्टॉन दडलेला, झेनॉन परका आणि अरगॉन चक्क आळशी. सगळी नावं ग्रीक. रेडॉन मात्र जन्मदात्या रेडियमचंच नाव लावतो. विल्यम रॅम्झी यांनी त्याला ‘निटॉन’, म्हणजे लॅटिनमध्ये चमकणारा, म्हटलं होतं. गोठवला की तो खरंच उजळतो. नाव गोड, पण टिकलं नाही.

निष्क्रिय, म्हणून निरुपद्रवी? छे! ३.८ दिवसांत तो निम्मा विघटित होतो; त्यातून निघालेले पोलोनियमचे कण फुप्फुसात चिकटून बसतात.

डिसेंबर १९८४. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्यामुळे किरणोत्साराचा गजर वाजला. केंद्रात सगळं ठीक होतं. रेडॉन साठला होता त्याच्या घरात, जमिनीतून झिरपलेला.