लोकसंख्येचे वार्धक्य आणि सरकारी कर्ज : जपान

वृद्धांचे प्रमाण वाढले, की कमावते हात घटतात, निवृत्तिवेतन व औषधोपचारांवरील सरकारी खर्च वाढतो आणि आर्थिक वाढ मंदावते. याचे सर्वांत ठळक उदाहरण जपान. तेथील १५ ते ६४ वयोगटाची संख्या १९९५ च्या सुमारास शिखरावर होती. पुढे ती घटतच गेली. ६५ व त्यावरील वयाचे नागरिक आता सु. २९ टक्के आहेत. १९९० नंतर शेअर आणि जमिनींचे भाव कोसळले, करउत्पन्न आटले व सामाजिक सुरक्षेचा भार कर्जरोख्यांवर पडला. सरकारचे एकूण कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या दुपटीहून अधिक झाले. तरीही दिवाळखोरी ओढवली नाही. कारण हे कर्ज येनमध्ये असून बहुतांश देशातल्याच बँका, विमा कंपन्या आणि मुख्यतः मध्यवर्ती बँकेकडे आहे. युरो स्वीकारलेल्या ग्रीसला २०१० च्या कर्जसंकटात स्वतःच्या चलनाची ही सोय नव्हती. मात्र केवळ एकूण वाढीचा दर पाहून जपानला अपयशी ठरविणे अन्यायाचे आहे. कार्यक्षम वयाच्या व्यक्तीमागे उत्पादन मोजल्यास गेल्या दोन दशकांतील त्याची वाढ अमेरिकेच्या तोडीची भरते. करउत्पन्न वाढविण्यासाठी उपभोग करही १९८९ मधील ३ टक्क्यांवरून २०१९ मध्ये १० टक्क्यांवर नेला गेला. मात्र मार्च २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेचे उणे व्याजदराचे धोरण संपल्याने जुन्या रोख्यांच्या जागी नवे काढताना व्याजाचा बोजा वाढत आहे.